घानाची संसद : मंत्री आत, राष्ट्राध्यक्ष बाहेर. हे चालतं कसं?

नारळीभात :
जुलै २०२५ मध्ये आपले पंतप्रधान घानाच्या संसदेत बोलले. ते भाषण मी रात्री जेवताना पाहत होतो. भारतात अडीच हजारांहून जास्त पक्ष आहेत म्हटल्यावर सभागृहात हशा पिकला. बायको म्हणाली, "यांच्याकडे किती आहेत हो?" तेवढंच बघायला म्हणून बसलो, तो अजून उठलेलो नाही.

मी शाळेत राज्यशास्त्र शिकवतो. माझ्या फळ्यावर दोनच खाने असतात. एकात भारत आणि इंग्लंड, म्हणजे सरकार संसदेतून निघतं, विश्वास गेला की सरकार गेलं. दुसऱ्यात अमेरिका, म्हणजे राष्ट्राध्यक्ष वेगळा निवडून येतो आणि त्याच्या मंत्र्यांना काँग्रेसचं सदस्य राहता येत नाही. घाना कुठे लिहू? राष्ट्राध्यक्ष थेट लोकांतून, निम्म्याहून जास्त मतं हवीत, नाहीतर २१ दिवसांत दुसरी फेरी. चला, दुसरा खाना. पण १९९२ च्या राज्यघटनेचं कलम ७८ सांगतं की बहुसंख्य मंत्री खासदारांमधूनच घ्यायचे, आणि मंत्री झाल्यावर खासदारकी सोडायची नाही. वर हे सरकार संसदेच्या विश्वासावर उभंही नाही!

माझं मत सरळ आहे. राखणदारालाच बागेत वाटा दिला तर तो ओरडणार कोणावर? ही संसद नक्की करते काय? तिथे राहिलेल्यांनी, जाणकारांनी सांगावं. (अध्यक्ष, राष्ट्राध्यक्ष, लोकसभाध्यक्ष असा घोळ नको म्हणून मी 'स्पीकर' लिहिणार आहे.)

शंकेखोर :
एकच सभागृह का? राज्यसभेसारखं काही?

वकीलीणबाई :
एकच. १९९२ ला २०० जागा होत्या, पुढे २३०, मग २७५, आणि डिसेंबर २०२४ च्या निवडणुकीपासून २७६. एक राज्य परिषद आहे, तिच्यात ज्येष्ठ मंडळी राष्ट्राध्यक्षांना सल्ला देतात. सल्लाच, बरं का. पारंपरिक राजांची वेगळी सभा आहे, पण राजांना पक्षीय राजकारणात भाग घ्यायला घटनेनेच मनाई केली आहे.

खवचट_आजोबा :
आमच्याकडे राजांना मनाई नाही, फक्त तिकीट मिळायला वेळ लागतो.

पश्चिमवारा :
मी लागोसला आहे, नऊ वर्षं. नारळीभात सर, तुमचा दुसरा खाना नायजेरियात अगदी शुद्ध तुपातला आहे. १०९ सिनेटर, ३६० प्रतिनिधी, मंत्री व्हायचं तर जागा सोडा. म्हणून काय तिथली संसद राष्ट्राध्यक्षांसमोर वाघ झाली? मला तरी दिसलेली नाही. खासदाराला मंत्रिपदाचं गाजर नसलं तर दुसरं गाजर सापडतं. कलम ७८ वर सगळं खापर फोडू नका.

टेमाकर :
घानात चौदा वर्षं. टेमा म्हणजे राजधानी अक्राशेजारचं बंदर, तिथे एका कारखान्यात उत्पादन बघतो. घटना वकीलीणबाई सांगतील, मी जे बघितलं ते सांगतो.

इथले दोन मोठे पक्ष म्हणजे एनपीपी आणि एनडीसी. डिसेंबर २०२० च्या निवडणुकीत एनपीपीला १३७ आणि एनडीसीला १३७ जागा मिळाल्या. उरला एक अपक्ष. राष्ट्राध्यक्ष एनपीपीचे अकुफो-अड्डो, ते दुसऱ्यांदा आले. ७ जानेवारी २०२१ ला नवी संसद बसणार होती आणि पहिलं काम स्पीकर निवडणं. इथे स्पीकरच्या उजवीकडे बहुमतवाले बसतात. तर एनडीसीचे खासदार आधीच जाऊन उजवीकडच्या बाकांवर बसले!

गुप्त मतदान सुरू होतं, आम्ही सगळे टीव्हीसमोर. एनपीपीचे एक खासदार मतपत्रिका हिसकावून पळत सुटले. ते आमच्या टेमा वेस्टचेच! दुसऱ्या दिवशी कारखान्यात त्या मतदारसंघातल्या पोरांची काय खेचली गेली म्हणता. मग सभागृहात सैनिक शिरले. ते दृश्य मात्र कोणालाच आवडलं नाही. आमचा म्हातारा वॉचमन लष्करशहा रॉलिंग्जच्या काळापासूनचा माणूस, तो उठून बाहेर गेला, "बूट आत आले की मी बघत नाही," म्हणाला. शेवटी सकाळी एनडीसीचे अल्बन बागबिन स्पीकर झाले. राष्ट्राध्यक्ष एका पक्षाचा, स्पीकर दुसऱ्या. १९९२ नंतर हे पहिल्यांदाच.

खवचट_आजोबा :
आधीच जाऊन बाकं धरली? एसटीत खिडकीतून रुमाल टाकायचा राहिला होता फक्त.

सुगंधा_प :
आजोबा =))
तो एक अपक्ष म्हणजे लॉटरीच की. कोण तो?

वकीलीणबाई :
त्याची कथा ऐकण्यासारखी आहे. फोमेना मतदारसंघाचे अँड्रू असियामा अमोआको. मूळचे एनपीपीचे खासदार. २०२० ला अपक्ष म्हणून अर्ज भरला, तेव्हा पक्षाने स्पीकरला कळवलं, आणि तेव्हाचे स्पीकर माइक ओक्वाये यांनी त्यांची जागा रिकामी झाल्याचं जाहीर केलं. कारण कलम ९७. ज्या पक्षाकडून निवडून आलात तो सोडून दुसऱ्या पक्षात गेलात किंवा अपक्ष झालात तर जागा जाते, आणि अपक्ष निवडून येऊन पक्षात शिरलात तरी जाते.

महिन्याभरात हाच माणूस अपक्ष म्हणून निवडून आला, आणि १३७–१३७ च्या सभागृहात ज्यांनी हाकललं त्यांनाच त्याची गरज पडली. तो त्यांच्या बाजूने बसला, एनपीपीचं 'बहुमत' झालं. बदल्यात दुसरं उपस्पीकरपद. घटना म्हणते दोन्ही उपस्पीकर एका पक्षाचे नकोत. हा अपक्ष! म्हणजे अटही पाळली आणि दोन्ही खुर्च्याही घरातच राहिल्या.

शंकेखोर :
हे तर आपल्याकडचं वाटतंय, फक्त हॉटेल नाही.

बापूसाहेब_इस्लामपूर :
पक्षांतर, स्पीकर, सुप्रीम कोर्ट... जानेवारी २०२४ ला आपल्या विधानसभा अध्यक्षांनी जो निकाल

संपादक :
बापूसाहेब, वाक्य मध्येच तोडल्याबद्दल क्षमस्व, पुढचा भाग उडवला आहे. महाराष्ट्राच्या राजकारणाचे अकरा धागे सध्या चालू आहेत. हा घानाचा आहे. घानाचाच राहू द्या.

बापूसाहेब_इस्लामपूर :
घानाला जायचं विमान कुठून मिळतं? कारण इथे बोलायची सोय राहिली नाही.

पश्चिमवारा :
मुंबईहून आदिस अबाबा, तिथून अक्रा. पिवळ्या तापाची लस घेतल्याचं कार्ड न्या, त्याशिवाय आत घेत नाहीत.

वकीलीणबाई :
बापूसाहेब, तुमच्या प्रश्नाचं घानाचं उत्तर देते, तेवढ्याला संपादकांची हरकत नसावी.

ऑक्टोबर २०२४. निवडणुकीला दोन महिने उरलेले. एनपीपीच्या दोघांनी आणि एनडीसीच्या एकाने अपक्ष म्हणून अर्ज भरले, आणि आपले फोमेनाचे अपक्ष पुन्हा एनपीपीच्या तिकिटावर उभे राहिले. १७ ऑक्टोबरला स्पीकर बागबिन यांनी चारही जागा रिकाम्या झाल्याचं जाहीर केलं. बेरीज करा, एनडीसी १३६, एनपीपी १३५. उजवी बाजू बदलली! दुसऱ्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. २२ तारखेला एनडीसीवाले बहुमताच्या बाकांवर जाऊन बसले, एनपीपीवाले सभागृह सोडून गेले, गणसंख्या उरली नाही आणि स्पीकरने अधिवेशन बेमुदत तहकूब केलं. १२ नोव्हेंबरला न्यायालयाने ५ विरुद्ध २ असा निकाल दिला की कलम ९७ चालू संसदेतल्या पक्षबदलाला लागू आहे. पुढच्या निवडणुकीसाठी वेगळा अर्ज भरला म्हणून आजची जागा जात नाही.

म्हणजे २०२० ला जे फोमेनाला लागू झालं ते २०२४ ला चुकीचं ठरलं. आणि दोन्ही वेळा गोत्यात आलेला माणूस तोच.

पंधरा दिवस विचार करून मला वाटतं न्यायालयाचा अर्थ व्यवहाराला धरून आहे, पण घटनेच्या शब्दांवरून बघितलं तर स्पीकरचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं.

खवचट_आजोबा :
ऑक्टोबरात पुन्हा रुमाल.

नारळीभात :
वकीलीणबाई, उत्तम. पण माझा प्रश्न अजून तिथेच आहे. हे सगळं बाकांचं भांडण झालं. सरकारवर अंकुश ठेवला का?

टेमाकर :
ठेवला. निदान एकदा तरी. ई-लेव्ही.

इथे बँकेपेक्षा मोमो चालतं, मोबाईल मनी. दर कोपऱ्यावर एक छत्री, खाली टेबल, टेबलामागे एखादी बाई किंवा पोरगा, समोर दोन साधे फोन आणि नोंदवही. पगार झाला की आमच्या कारखान्यातली मुलं तिथे रांग लावतात, गावी आईला पैसे पाठवतात. नोव्हेंबर २०२१ च्या अंदाजपत्रकात सरकारने या पाठवण्यावर १.७५ टक्के कर लावायचं ठरवलं. नुसता संताप.

२६ नोव्हेंबरला मतदानाच्या वेळी सत्ताधारी बाहेर निघून गेले. आत राहिलेल्या एनडीसीने आवाजी मतदानाने अंदाजपत्रक फेटाळलं! स्पीकर बागबिन खुर्चीत होते. चार दिवसांनी बागबिन देशाबाहेर, उपस्पीकर खुर्चीत, आता एनडीसी गैरहजर. एनपीपीच्या बाजूला १३७ च होते, गणपूर्तीला १३८ हवे. मग उपस्पीकरांनी खुर्चीत बसून स्वतःलाच मोजलं आणि आधीचा निर्णय रद्द. डिसेंबरात तर उपस्पीकर मत द्यायला खुर्चीवरून उठले म्हणून सभागृहात गुद्दागुद्दी झाली.

शंकेखोर :
एक मिनिट. खुर्चीत बसलेला माणूस स्वतःला मोजू शकतो?

वकीलीणबाई :
स्पीकरला मूळ मतही नाही आणि निर्णायक मतही नाही, कलम १०४. पण उपस्पीकर खासदार असतो. मार्च २०२२ ला सर्वोच्च न्यायालय म्हणालं की उपस्पीकर खुर्चीत असला तरी त्याचं मत आणि हजेरी दोन्ही धरायची. बागबिन यांनी यावर जाहीर नाराजी व्यक्त केली होती.

टेमाकर :
हो. मग २९ मार्च २०२२ ला एनडीसीने सभात्याग केला आणि ई-लेव्ही मंजूर झाली. पण १.७५ ची १.५ झाली, चार महिने उशीर झाला, पुढे १ टक्का. दिवसाला १०० सेडीपर्यंत (सेडी म्हणजे इथलं चलन) सूट होती. माझ्याकडचा एक वेल्डर शनिवारी पगाराच्या नोटा मोज्यात घालून ट्रोट्रोने, म्हणजे इथल्या वडापने, तीन तास गावी जायचा. "कर वाचतो, आणि आईच्या हातचं खायला मिळतं," म्हणायचा. सरकारला अपेक्षा होती त्याच्या जवळपासही वसुली गेली नाही. २०२५ मध्ये एनडीसीच्या महामा सरकारने कर काढूनच टाकला.

वेल्डर अजूनही दर शनिवारी जातो. आता सबब काय देतो विचारलं नाही.

सुगंधा_प :
टेमाकर, तुम्ही असं लिहिता की सगळं गोड वाटतं. मी जरा आंबट टाकते. डिसेंबर २०२२ ला अर्थमंत्री केन ओफोरी-अट्टा यांच्यावर निंदाव्यंजक ठराव आला. देश तेव्हा कर्ज फेडता येईना म्हणून नाणेनिधीच्या दारात. त्याआधी दोन महिने एनपीपीच्याच ऐंशीच्या आसपास खासदारांनी यांना काढा म्हणून मागणी केली होती. ठरावाला दोन तृतीयांश हवेत. मतदानाच्या दिवशी एनडीसीची १३६ मतं पडली आणि ते ऐंशी वीर सभागृहातून चालते झाले. ही तुमची त्रिशंकू, निर्भीड संसद.

आणि गंमत म्हणजे हे अर्थमंत्री खासदार नव्हतेच. म्हणजे नारळीभात सरांचं कलम ७८ इथे आरोपी नाही. आरोपी पक्ष आहे.

नारळीभात :
सुगंधाताई, इथेच तर कलम ७८ आरोपी आहे! मंत्री खासदार नव्हता, पण बाहेर गेलेल्यांपैकी किती जण मंत्री वा उपमंत्री होते, किती व्हायची वाट बघत होते? अकुफो-अड्डोंनी २०१७ ला मंत्री-उपमंत्री मिळून ११० नेमले होते. आपल्याकडे २००३ च्या घटनादुरुस्तीने १५ टक्क्यांची मर्यादा घातली. तिथे कॅबिनेटला १९ ची मर्यादा आहे, बाहेरच्या मंत्र्यांना नाही. सत्ताधारी पक्षात मागच्या बाकावर राहायला कोणाला आवडेल?

पश्चिमवारा :
११०! आमच्याकडे ३६ राज्यं आहेत, प्रत्येक राज्यातून किमान एक मंत्री घ्यावा लागतो, तरी एवढे होत नाहीत.

वकीलीणबाई :
कलम ७८ आलं कुठून ते बघा. नाहीतर घटना लिहिणारे वेडे होते असं वाटेल.

स्वातंत्र्य ६ मार्च १९५७. १९६० ला प्रजासत्ताक, एन्क्रुमा राष्ट्राध्यक्ष, १९६४ ला एकपक्षीय राज्य, फेब्रुवारी १९६६ ला लष्कर. १९६९ ला दुसरं प्रजासत्ताक, बुसिया पंतप्रधान, म्हणजे आपल्यासारखी पद्धत. १९७२ ला पुन्हा लष्कर. १९७९ ला तिसरं, या वेळी अमेरिकन कपडे, राष्ट्राध्यक्ष लिमान, मंत्री खासदार नसायचे. १९८१ ला या संसदेने लिमान यांचं अंदाजपत्रक फेटाळलं, तेही त्यांच्या पक्षाचं बळ सभागृहात असताना. आणि ३१ डिसेंबर १९८१ ला रॉलिंग्ज आले.

तेव्हा १९९२ ला बसलेल्या मंडळींनी दोन्ही करून बघितलं होतं, दोन्ही मोडलं होतं. सरकार आणि संसद यांच्यात एक दोर बांधू, म्हणजे बोलणं तरी होईल, हा विचार होता. दोर कोणाच्या गळ्यात पडला ते आपण बघतोच आहोत.

शिवाय १९९२ च्या डिसेंबरातल्या संसद निवडणुकीवर विरोधकांचा बहिष्कार होता. २०० पैकी १८९ जागा एकट्या एनडीसीला. त्या पहिल्या चार वर्षांत सवयी पडल्या त्या पडल्या.

खवचट_आजोबा :
मंत्रालयात मी छत्तीस वर्षं काढली. सवय पडायला चार वर्षं फार झाली, पहिल्या पगारातच पडते.

स्थापत्य_विशारद :
धागा वाचून राहवलं नाही. अवांतर आहे, पण मराठी माणसाने सांगायला हवं. अक्राचं राष्ट्राध्यक्ष भवन मुंबईच्या शापूरजी पालनजीने बांधलं आहे, भारताने दिलेल्या कर्जातून. २००८ ला तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष कुफोर यांनी उद्घाटन केलं. मी दोन वेळा बाहेरून बघून आलो, आकार अशांती लोकांच्या सोन्याच्या आसनासारखा आहे. छत वरून खुर्चीसारखं वाकलेलं. आधी नाव गोल्डन जुबिली हाऊस, एनडीसी आल्यावर फ्लॅगस्टाफ हाऊस, एनपीपी आल्यावर जुबिली हाऊस.

बापूसाहेब_इस्लामपूर :
नाव बदलण्यावर बोललं तर चालेल का संपादक?

संपादक :
नाही.

मीनल_टी :
मी फक्त वाचत होते, आता एक विचारते. टेमाकरदादा, तिथे मशीन नाही ना? मतमोजणी कशी होते? आमच्याकडे दर निवडणुकीला घरात भांडण.

टेमाकर :
मीनलताई, मशीन नाही. ७ डिसेंबर २०२४ ला शनिवार होता. मला मत नाही, पण गल्लीच्या टोकाला शाळेच्या अंगणात केंद्र होतं, तिथे संध्याकाळी जाऊन उभा राहिलो.

पाच वाजता मतदान संपलं. त्याच अंगणात, त्याच टेबलावर पारदर्शक डबा उलटा केला. एक बाई एकेक मतपत्रिका उचलून डोक्याच्या वर धरायच्या, सगळ्यांना दिसेल अशी. अंगठ्याचा ठसा कुठे आहे बघायचं, हत्तीवर की छत्रीवर. हत्ती एनपीपीचा, छत्री एनडीसीची. गर्दी मोठ्याने आकडा म्हणायची, आपल्याकडे गोविंदाचे थर मोजतात तसं. अंधार झाला, वीज तेवढ्यात गेलीच, मग पोरांनी मोबाईलचे टॉर्च लावले. दोन्ही पक्षांचे एजंट खुर्चीला खुर्ची लावून बसलेले, एकाच पिशवीतल्या शेंगा खात. मोजून झाल्यावर गुलाबी कागदावर आकडे, सगळ्यांच्या सह्या, प्रत्येक एजंटाला प्रत. या कागदाला इथे 'पिंक शीट'च म्हणतात. २०१२ च्या निकालाविरुद्ध कोर्टात गेले तेव्हा महिनोन्महिने टीव्हीवर हे पिंक शीटच दाखवत होते, आणि लोक मालिकेसारखं बघायचे.

दोन मतपत्रिका असतात, एक राष्ट्राध्यक्षाची, एक खासदाराची. राष्ट्राध्यक्ष एका पक्षाचा आणि खासदार दुसऱ्याचा निवडला तर त्याला इथे 'स्कर्ट अँड ब्लाऊज' म्हणतात. वरचं एका कापडाचं, खालचं दुसऱ्या.

मीनल_टी :
स्कर्ट अँड ब्लाऊज! शेजारच्या काकूंना हे सांगणार. परकर-पोलकं म्हटलं तर लगेच समजेल त्यांना.

खवचट_आजोबा :
छत्री आणि हत्ती. पावसाळ्यात निवडणूक घेतली तर निकाल आधीच सांगता येईल.

टेमाकर :
आजोबा, डिसेंबरात इथे थेंब पडत नाही. सहाराकडून हरमॅटनची धूळ येते, गाडीच्या काचेवर बोटाने नाव लिहिता येतं. तरी छत्रीच आली. महामा ५६ टक्क्यांवर. एनपीपीचे उमेदवार बावुमिया यांनी दुसऱ्या दिवशी सकाळीच, अधिकृत निकाल लागायच्या आधी, फोन करून हार मान्य केली. हे मला फार आवडलं. संसदेत एनडीसी १८० च्या वर, एनपीपी नव्वदच्या आत.

सुगंधा_प :
म्हणजे संसद आता त्रिशंकू नाही. दोन तृतीयांशाच्या जवळपास सत्ताधारी. नारळीभात सर, आता तुमचा प्रश्न खरा होतो. १३७–१३७ असताना अंकुश आकड्यांनी ठेवला, घटनेने नाही.

पश्चिमवारा :
+१. मी पहिल्यांदाच म्हटलं होतं, माझं कोणी ऐकत नाही.

वकीलीणबाई :
अर्धवट सहमत. आकड्यांशिवाय काहीच नसतं असं नाही. जुलै २०२३ ला देशद्रोह वगळता इतर गुन्ह्यांसाठीची फाशी रद्द करायला संसदेने मत दिलं. ते विधेयक सरकारचं नव्हतं, मदिना मतदारसंघाचे विरोधी खासदार फ्रान्सिस-झेवियर सोसू यांचं खासगी विधेयक. वर्षानुवर्षं तिथे खासगी विधेयकंच येत नव्हती, कारण कलम १०८ म्हणतं की तिजोरीवर बोजा टाकणारं काही फक्त सरकारने आणायचं. आणि बोजा कशाचा पडत नाही? चेटकीण ठरवून बायकांना छळण्याविरुद्धचं विधेयकही त्याच वर्षी मंजूर झालं, राष्ट्राध्यक्षांनी याच कारणावरून सही नाकारली. संसदेचे दात काढायचेत तर कलम ७८ पेक्षा मला १०८ जास्त खुपतं.

नारळीभात :
हे कलम १०८ मी वाचलंच नव्हतं. धन्यवाद. धाग्याचं शीर्षक बदलावं लागणार.

महामांनी एकूण मंत्री ६० च्या आत ठेवायचं आश्वासन दिलं होतं आणि ठेवलं. पण हे त्यांच्या मर्जीने. जानेवारी २०२५ ला प्रा. प्रेम्पेह यांच्या अध्यक्षतेखाली घटना पुनरावलोकन समितीही नेमली. मंत्री संसदेतून काढावेत का, ही चर्चा तिथे जुनीच आहे. काढले तर १९७९ पुन्हा नाही ना येणार?

शंकेखोर :
त्याच जानेवारीत मंत्र्यांच्या मुलाखती घेताना समितीच्या खोलीत टेबलं-माईक मोडले ना? व्हिडिओ पाहिला होता.

वकीलीणबाई :
हो, नियुक्ती समिती. प्रत्येक मंत्र्याची तिथे तासन्‌तास उलटतपासणी होते, टीव्हीवर थेट. आपल्याकडे हे नाही आणि असायला हवं असं मला मनापासून वाटतं. मोडतोडीनंतर स्पीकरने चार खासदारांना दोन आठवडे निलंबित केलं, दोन्ही पक्षांचे.

टेमाकर :
सगळं वाचलं. नारळीभात सर, "ही संसद करते काय" हा तुमचा पहिला प्रश्न. मी तो काल जेवणाच्या सुट्टीत आमच्या स्टोअरकीपरला विचारला. तो लिक्पेचा, पूर्वेकडे डोंगरात. सांत्रोकोफी, अक्पाफू, लोलोबी, लिक्पे ही चार ठिकाणं. २०१९ ला नवा ओटी प्रांत झाला, ही गावं तिकडे गेली, पण मतदारसंघ होहोए राहिला जुन्या व्होल्टा प्रांतात. डिसेंबर २०२० ला मतदानाच्या आदल्या दिवशी निवडणूक आयोगाने सांगितलं, तुम्ही फक्त राष्ट्राध्यक्षाला मत द्या, खासदाराची मतपत्रिका तुम्हाला नाही. चार वर्षं यांना खासदारच नव्हता! १३७–१३७ ची एवढी मारामारी चालली होती तेव्हा हे लोक मोजणीतच नव्हते. २०२४ ला ग्वान नावाचा मतदारसंघ झाला. वकीलीणबाईंनी २७५ चे २७६ लिहिलेत ना, ती एक जागा ही.

तो म्हणाला, खासदार काय करतो? मयताला येतो. इथे शनिवारी मयताचे मोठे मांडव असतात, काळे-लाल कपडे, प्लास्टिकच्या खुर्च्या, आणि कोणी किती दिले ते लाऊडस्पीकरवरून सांगतात. चार वर्षं त्यांच्या मांडवात खासदाराचं नाव पुकारलं गेलं नाही. "आम्ही शेजारच्या मतदारसंघातल्या खासदाराला बोलवायचो. तो यायचा, पण कमी द्यायचा."

खवचट_आजोबा :
हे मात्र फळ्यावर लिहायला हवं, मास्तर.

नारळीभात :
लिहितो. टेमाकर, त्याला विचाराल का, नवीन खासदार आला का मयताला?

टेमाकर :
विचारलं. एकदा आला. माईक बंद पडला होता, त्यामुळे किती दिले ते कोणालाच कळलं नाही. त्यावरून गावात अजून वाद चालू आहे.